पिवळी वाळुंज, कापशी वाळुंज

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नांदेडला गोदावरीच्या काठानं चालताना शर्टाच्या बाहीवर एक पांढरा तंतू येऊन बसतो. तो शेतातल्या कापसाचा नसतो. कापूस तोवर वेचून झालेला असतो. सावरीचाही नसतो, सावर अजून फुलावरच असते. तो वाळुंजीचा असतो. नखाएवढा झुबका, त्याच्या बुडाशी डोळ्याला जेमतेम दिसेल असं बी. फुंकर मारली की जातो.

परवा परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर असाच एक झुबका एका मुलीच्या हॉलतिकिटावर उतरला. तिनं तो फुंकून टाकला आणि पुन्हा ओठ हलवत काहीतरी पाठ करू लागली. तिची आई शेजारी पाण्याची बाटली धरून उभी होती. पालकांच्या त्या गर्दीत वर बघणारा कोणीही नव्हता. बघितलं असतं तरी झाड दिसलं नसतं. ते खाली, नदीच्या अंगाला होतं.

मी तीस वर्षं वर्तमानपत्रात काम केलं. त्यात मी केलेल्या चुकांची दुरुस्ती बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी, आतल्या पानावर, लहान चौकटीत छापून आली. एका चुकीची आली नाही. दर वर्षी परीक्षांच्या दिवसांत तिची आठवण होते, कारण ती चूक याच दिवसांतली आहे आणि ती परीक्षेत आलेल्या प्रश्नावरच झाली.

वाळुंज म्हणजे काय, ते आधी सांगतो. पाण्याच्या काठाला, बहुधा पाण्यात एक पाय ठेवून उभं राहणारं हे झाड. वाढू दिलं तर चांगलं उंच होतं. पण आमच्याकडे दर वर्षी टोपल्यांसाठी आणि कुडासाठी त्याचे फोक तोडले जातात, म्हणून ते बुंध्यापासून फुटत राहतं आणि झुडूपच दिसतं. साल खरबरीत, उभ्या भेगांची. पान भाल्याच्या पात्यासारखं लांब, कडेला बारीक दाते, वरून गर्द हिरवं आणि खालून पांढुरकं. वारा सुटला की सगळं झुडूप एका क्षणात हिरव्याचं रुपेरी होतं. मुळं ओढ्याची माती घट्ट धरून ठेवतात. ओला फोक जमिनीत खोचला तरी जगतो. फुलं लोंबीसारखी येतात. एका झाडावर नराच्याच लोंब्या, दुसऱ्या झाडावर मादीच्याच. नराची लोंबी पिवळी, चोळली की बोटाला पिवळे पराग लागतात, सुगंधी, मधमाश्यांनी भरलेली. मादीची हिरवट, लांबून दिसतसुद्धा नाही. कापूस येतो तो तिलाच. बोंड उकलतं, आत बहुधा चार बिया. हे बी आठवडाभरात ओल्या मातीला लागलं नाही तर मरतं.

हे सगळं मला पदवीच्या परीक्षेत येत होतं. ‘नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात, उदाहरणे : पपई, खजूर, वाळुंज.’ हे वाक्य मी लिहिलं होतं आणि त्याचे गुण मला मिळाले होते.

गावातल्या लोकांना हे वाक्य माहीत नव्हतं. ते दोन वाळुंजी मानत: पिवळी आणि कापशी. पिवळी कुडाला, कापशी लेकरांना.

ज्या गावाबद्दल लिहितोय त्याचं नाव देत नाही. औशाच्या दक्षिणेला जुनं गाव होतं, त्याच नावाचं नवं गाव आता काही अंतरावर आहे, आणि नाव दिलं की कोणतं ते विचारावं लागतं. त्र्याण्णव साली, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, भूकंपात जुनं गाव पडलं. तिसऱ्या दिवशी मी तिथे पोचलो. त्याविषयी जे लिहायचं ते तेव्हा लिहून झालं, आता पुन्हा लिहीत नाही. हा लेख त्यानंतरच्या फेब्रुवारीचा आहे.

तोवर बाहेरची माणसं कमी झाली होती. पुढारी येऊन गेले होते, परदेशी कॅमेरे येऊन गेले होते. गाव पत्र्याच्या शेडांमध्ये राहत होतं आणि नव्या गावाच्या जागेवर चुन्याच्या रेघा मारल्या जात होत्या. मला संपादकांनी दर आठवड्याला एक वार्तापत्र लिहायला सांगितलं होतं. लातूरहून सकाळची बस पकडायची, दिवसभर शेडांमधून हिंडायचं, संध्याकाळी परतायचं. दुपारी पत्रा इतका तापायचा की माणसं शेडच्या बाहेर, शेडच्याच सावलीत बसायची आणि सावलीबरोबर सरकत राहायची.

‘‘या पेपरवाले,’’ सुमन म्हणायची. ‘‘आज काय लिवणार? शेड तापलं म्हणून लिवा. मागल्या बारीला गार पडलं म्हणून लिवलं हुतं.’’

सुमन तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होती. शेतकरी घरातली सून. तिची दोन मुलं गेली होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिनं कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. अशा बऱ्याच बायका होत्या. त्या हिवाळ्यात बंद केलेल्या नळ्या पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या आणि सुमन त्यासाठी जाऊन आली. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. हे ती माझ्याशी बोलली नाही, हलीमाबीनं सांगितलं.

हलीमाबी पिंजारी. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजायचं काम. नवरा धनुकली चालवायचा, ती गाद्या-उश्या शिवायची. भूकंपाच्या पहाटे ती घराला लागून असलेल्या कुडाच्या खोपीत झोपली होती, कारण तिथे एका लग्नाच्या गाद्यांचा कापूस ठेवला होता आणि मांजर त्यात घुसायचं. दगडी घर पडलं. वाळुंजीच्या फोकांचा कूड नुसता कलला. घरात नवरा होता आणि दीड वर्षाचा नातू यासीन होता. दोघंही गेले. त्यांना तिनं स्वतः उपसून काढलं, त्यात तिचा उजवा खांदा निखळला आणि नंतर कधी नीट बसला नाही. मुलगा आणि सून त्या दिवशी उदगीरला पाहुण्यांकडे होते. ते तिकडेच राहिले. ती गेली नाही.

‘‘उदगीरला कशाला जाऊ?’’ ती म्हणाली. ‘‘तितं माझ्या हातची उशी कोण मागतंय?’’

उशीचं असं होतं. त्या गावात कोणाच्याही घरी मूल जन्मलं, मग ते घर कोणत्याही जातीधर्माचं असो, की त्याच्या डोक्याखालची पहिली उशी हलीमाबीच्या घरून जायची. तिच्या सासूनं ते चालवलं होतं, सासूच्या सासूनं चालवलं होतं. गादीचा कापूस त्यात घालायचा नाही. तो गरम पडतो, गोळे होतात. ही उशी कापशी वाळुंजीच्या कापसाची. माघ सरताना झुडपाखाली लुगडं पसरायचं, सकाळचं दव वाळलं की फांदी हलवायची, आणि दिवसाला ओंजळभर जमा करायचं. वर्षभरात गावात जेवढी लेकरं होतील असा अंदाज, तेवढा कापूस. त्याचं ती काही घेत नसे.

तिच्या शेडमध्ये एक पत्र्याची पेटी होती. ती मला दाखवत असताना मी वहीत नोंद केली. ती नोंद अजून आहे: ‘पितळी लोटा १. सुया, दोऱ्याची रिळं. नवऱ्याचा रुमाल. लहान उशी १, हिरव्या छिटाची, एका कोपऱ्यात लाल ठिगळ (नातवाची).’

त्या फेब्रुवारीत तिनं सुमनला शब्द दिला. मी समोर होतो. सुमन ज्वारी निवडत होती.

‘‘पाळणा हलू दे तुझ्या घरी,’’ हलीमाबी म्हणाली. ‘‘उशी माझ्या हातची.’’

‘‘कशाची करतेस, हलीमाबी? पत्र्याची?’’

‘‘गप, रांडे. वाळुंजीची.’’

‘‘वाळुंज जुन्या गावात राहिली. नव्या जाग्यावर धोंडे हैत नुस्ते.’’

‘‘ओढा हाय का न्हाई?’’

‘‘हाय.’’

‘‘मग वाळुंज बी हुईल. फोक खोचला की लागती ती. माझा हात वर जात न्हाई म्हणून, न्हाईतर आजच खोचली असती.’’ मग ती माझ्याकडे वळली. ‘‘पेपरवाले, तुम्ही शिकलेले. एवढं करा बाबा. जुन्या गावच्या ओढ्याला जावा. वळणावर झुकलेली हाय ती कापशी. तिचे फोक आणा. उद्या-परवा न्हाई, आत्ता. लोक सरपणाला तोडून राहिलेत.’’

मी गेलो. मला आनंद झाला होता, हेही लिहायला हवं. चार महिने लोक आपल्याला सांगतात आणि आपण लिहून घेतो. कोणी काही करायला सांगितलं नव्हतं.

ओढ्याच्या वळणावर ढिगाऱ्याचे दगड आणून लोटले होते, त्यामुळे वळण पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. तिथे एक नाही, दोन वाळुंजी होत्या. दोन्ही झुकलेल्या. एकीवर लांबट, हिरवट काहीतरी लोंबत होतं, ते मला किडकं वाटलं. दुसरी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पिवळी झाली होती. तिच्यावर मधमाश्यांचा असा आवाज होता की त्या पडक्या गावात तेवढाच आवाज ऐकू येत होता. मी फार वेळ विचार केला नाही. जी जास्त फुलते ती जास्त फळते, असं मनाशी म्हटलं आणि विळा चालवला. बारा छाट घेतले. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बाष्पीभवन कमी व्हावं म्हणून प्रत्येक छाटाची पानं आणि लोंब्या तिथेच ओरबाडून टाकल्या. ओल्या पोत्यात गुंडाळून आणलं ते नुसत्या काठ्यांचं बोचकं होतं.

बातमीचा पहिला नियम असा की एका माणसानं सांगितलेलं दुसऱ्याला विचारल्याशिवाय छापायचं नाही. परत येताना मी हलीमाबीला एक लोंबी जरी दाखवली असती तरी तिनं सगळं पोत्यासकट ओढ्यात फेकलं असतं. पण दाखवायला मी काही ठेवलंच नव्हतं. तिनं काठ्या हातात घेतल्या, साल नखानं खरवडून ओल बघितली, म्हणाली, ‘‘जित्या हैत.’’

आम्ही त्या नव्या गावाच्या ओढ्याला खोचल्या. सुमननं पाणी घातलं. मी वार्तापत्र लिहिलं. त्यातलं शेवटचं वाक्य होतं: ‘दोन-तीन वर्षांत या काठावर पुन्हा कापूस उडेल.’ संपादकांना ते वाक्य आवडलं. सुमननं तो अंक घडी करून ठेवला.

त्या उन्हाळ्यात जुन्या गावच्या ओढ्याचं वळण ढिगाऱ्यानं भरून गेलं. दोन्ही झाडं गेली. हे मला कळलं तेव्हा मी म्हणालो, बरं झालं छाट घेतले.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत मी त्या गावाला गेलो. आता ते गाव झालं होतं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, ज्याला जास्त जमीन त्याला मोठं घर. अंतरं इतकी की शेजारणीला हाक मारली तर पोचत नव्हती. ओढ्याला बारापैकी नऊ वाळुंजी लागल्या होत्या आणि नऊही फुलल्या होत्या. लांबूनच दिसल्या. सगळ्या पिवळ्या.

मी तिथे उभा राहिलो आणि ते परीक्षेतलं वाक्य मला जसंच्या तसं आठवलं. एका झाडाचे छाट म्हणजे तेच झाड. नऊ नर. यांच्यावर कापूस कधीही येणार नाही. पंचक्रोशीत दुसरी वाळुंज शिल्लक नव्हती. ते मी नंतर हिंडून पाहिलं.

हलीमाबी काठी टेकत आली. सुमनला तेव्हा दिवस गेले होते. ती मागून सावकाश येत होती.

‘‘कापूस कधी येतो हो पेपरवाले?’’ हलीमाबीनं विचारलं.

मी म्हणालो, ‘‘येईल. झाडं अजून लहान आहेत.’’

एवढंच. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘‘हाव. लहानच हैत.’’

सुमनला मुलगी झाली. शीतल. बारशाचं बोलावणं कार्डानं आलं. ड्युटी आहे म्हणून मी कळवलं. ड्युटी नव्हती. त्या दिवशी मी खोलीवर बसून होतो आणि पाळण्यात डोक्याखाली काय घातलं असेल याचा विचार टाळत होतो. दुरुस्तीची चौकट लिहायची तर काय लिहायची? ‘अमुक तारखेच्या अंकात कापूस उडेल असे म्हटले होते. तो उडणार नाही.’ संपादकांनी विचारलं असतं, याला कोणी आक्षेप घेतलाय का? कोणीच घेतला नव्हता.

पुढची सोळा-सतरा वर्षं मी लातुरात होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर ते शहर बदललं. जिथे अडत्यांची घरं होती तिथे क्लास झाले, क्लासच्या मागे वसतिगृहं झाली, वसतिगृहांच्या खाली मेस. चौकाचौकांत मुलामुलींचे पासपोर्ट फोटो मोठे करून लावलेले, खाली गुण. मुरुडची, उदगीरची, नांदेडची, पार बीड-परभणीची मुलं पत्र्याची ट्रंक आणि गादीची वळकटी घेऊन स्टँडवर उतरायची. मी परीक्षा पुरवण्या काढायचो. ‘हमखास येणारे प्रश्न’ नावाचं सदर होतं, ते मीच पाहायचो. एका वर्षी त्यात हा प्रश्न छापला होता: नर व मादी फुले वेगळ्या झाडांवर असणाऱ्या वनस्पतींची दोन उदाहरणे द्या. उत्तरातून मी वाळुंज काढली आणि पपई, खजूर ठेवली.

मग सुमनचा फोन आला. शीतल बारावीला लातूरला येतेय, वसतिगृहाच्या अर्जावर स्थानिक पालक म्हणून सही लागते. ‘‘दुसरं कोण हाय आमचं लातुरात?’’ ती म्हणाली. मी सही केली.

भेटीचा वार रविवार. पुरुषांना जिन्यापर्यंतच परवानगी होती, म्हणून आम्ही खालच्या वऱ्हांड्यात बसायचो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सुमन डबा घेऊन आली होती, मीही गेलो होतो. शीतल वरून उतरली ती हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. बारीक, चष्मा, बोटांना शाई. तिला जास्त बोलायला वेळ नव्हता. चारला टेस्ट होती.

‘‘आई, ही घेऊन जा. शिवण उसवलीय. रूमभर कापूस उडतोय, रूममेट शिंका देऊन देऊन मरून राहिलीय.’’

पिशवीत उशी होती. हिरव्या छिटाची, रंग जवळजवळ गेलेला. एका कोपऱ्यात लाल ठिगळ.

मी ती ओळखली. मला वही उघडावी लागली नाही.

‘‘आणि काका, तुम्हाला एक विचारायचं होतं,’’ शीतल म्हणाली. तिच्या आवाजात परीक्षेच्या दिवसांतली घाई होती. ‘‘मागे सॅलिक्स झालं आम्हाला, म्हणजे वाळुंज. डायोशियस, नर-मादी वेगळ्या झाडांवर. मी संक्रांतीनंतर घरी गेले होते तेव्हा ओढ्याच्या सगळ्या झाडांची फुलं बघितली. भिंगातून बघितली. सगळे मेल आहेत. एकसुद्धा फीमेल नाही.’’

‘‘बरं,’’ मी म्हणालो.

‘‘बरं काय? ह्यात कापूस आहे. वाळुंजीचाच आहे, मी बिया काढून बघितल्या. पेरून पण बघितल्या, मेसच्या कपात. उगवल्या नाहीत, उगवणारच नव्हत्या, त्यांची व्हाएबिलिटी आठवड्याची असते. पण मग हा कापूस आला कुठनं? आई म्हणते, हलीमानानीनं मी जन्मले तेव्हा दिली. तेव्हा तर झाडं हीच होती.’’

वऱ्हांड्यात इतरही पालक होते. कोणी डब्याचं झाकण उघडत होतं. मी तीस वर्षांत इतका सरळ प्रश्न कोणाला विचारला नव्हता.

मी सांगितलं. दोन झाडं होती, मी चुकीच्या झाडाचे छाट कापले, लोंब्या काढून टाकल्या म्हणून कोणाला कळलं नाही, तिसऱ्या वर्षी मला कळलं आणि मी बोललो नाही. क्रमानं सांगितलं.

‘‘म्हणजे सॅम्पलिंग एरर,’’ शीतल म्हणाली. ती चिडली नव्हती. तिला उत्तर जुळल्याचं समाधान होतं. मग तिच्या लक्षात आलं की उत्तर अर्धंच आहे. ‘‘पण मग हा कापूस?’’

ते सांगणं माझं नव्हतं. मी सुमनकडे पाहिलं.

सुमननं उशी पिशवीतून काढून मांडीवर घेतली होती. उसवलेली शिवण ती दोन बोटांनी मिटून धरत होती.

‘‘यासीनची हाय,’’ ती म्हणाली. ‘‘हलीमाबीच्या नातवाची. भूकंपात गेला त्यो. बारशाच्या सकाळी घेऊन आली. म्हणली, कापूस आला न्हाई, शब्द दिला हुता, ही घे. घरात सगळी वराडली. मेलेल्या लेकराची उशी पोरीच्या डोक्याखाली घालतीस का म्हणून. सासू दोन दिस जेवली न्हाई. मी म्हणलं, माझी दोन गेली, तिचा एक गेला. कोण कुणाला अपशकून करणार?’’ मग ती माझ्याकडे वळली. ‘‘आन पेपरवाले, तिला ठाव हुतं. तिसऱ्या साली झाडं फुलली तवाच ठाव हुतं. पिवळी कापशी तिला कळंना व्हय? तुम्ही बोलताव का बघत हुती ती.’’

शीतलनं घड्याळ पाहिलं. टेस्टची वेळ झाली होती. जिना चढताना ती दोन पायऱ्यांवर थांबली आणि म्हणाली, ‘‘आई, शिवून परत आण. रूममेटला मी सांगते.’’

पुढचं थोडक्यात. शीतलचं नाव कुठल्या चौकात लागलं नाही. ती आता उदगीरला कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या रविवारनंतरच्या आठवड्यात मी नांदेडला येऊन गोदावरीच्या काठावर वाळुंजी शोधल्या, आणि एका झाडाखाली दोन दिवस बसलो, त्याची बोंडं उकलून कापूस उडेपर्यंत. त्याचे पाच छाट त्या गावात लावले. त्यातला एकच लागला. दुसऱ्या पावसाळ्यात हलीमाबी वारली. कापूस त्यानंतरच्या फेब्रुवारीत आला. आज त्या गावात कोणी वाळुंजीची उशी करत नाही. ती शिवता येणारं कोणी उरलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण जे सांगायचं आहे ते या सगळ्याच्या पूर्वीचं आहे, छाट लावले त्या सकाळचं.

हलीमाबीला तेव्हा अंधुक दिसायचं. सुमन तिला हाताला धरून ओढ्यापर्यंत घेऊन आली. मी पोतं सोडलं. नांदेड ते औसा बसच्या प्रवासात पानं मलूल झाली होती, पण या वेळी मी काही काढलं नव्हतं. पानं, लोंब्या, सगळं होतं. मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. त्यातलं काही बोललो नाही.

‘‘चाची,’’ मी म्हणालो, ‘‘लावू का?’’

‘‘थांब.’’

इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. तिनं डावा हात पुढे केला. मी एक छाट तिच्या हातात दिला. तिनं पान चाचपलं, खालची बाजू गालाला लावून पाहिली. मग अजून न उकललेली लोंबी शोधली आणि अंगठा व बोटात धरून जोरात चोळली. ते बोट तिनं डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, उन्हाकडे फिरवलं, पुन्हा जवळ नेलं. तरी खात्री होईना, म्हणून सुमनपुढे धरलं.

‘‘बघ गं. पिवळं लागलं का?’’

सुमननं तिचं बोट हातात घेऊन नीट पाहिलं. ‘‘न्हाई, बी.’’

‘‘पेपरवाल्याला दाखव.’’

सुमननं ते बोट माझ्यापुढे धरलं. सुयांनी खरबरीत झालेलं, हिरवट ओल लागलेलं बोट. मी पाहिलं.

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘दोघं म्हणताव न्हवं?’’ हलीमाबी म्हणाली. ‘‘मग लाव आता.’’